तळाचा उजेड

तो डबा परत आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे आधी कागद काढले. डब्याचा नंबर, आत घातलेले सुटे भाग, चाचणीचे आकडे, खाली दादाची सही. सगळं जागच्या जागी होतं. कागद बरोबर असले की माझी निम्मी काळजी मिटते. त्या दिवशीही मिटली, आणि पुढे मला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

आमचा गाळा डोंबिवलीच्या एमआयडीसीत आहे. एका बाजूला रंगाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला खोके बनवणारे. पाटीवर विमानाचं चित्र असल्यामुळे नवीन माणूस आत डोकावून विमान शोधतो. विमान आमच्याकडे कधीच येत नाही. येतो तो त्याचा एखादा भाग, प्लास्टिकात गुंडाळून, कुरिअरने. दोन-चार माणसं बसतील अशी जुनी लहान विमानं आता बहुतेक उड्डाण शिकवणाऱ्या शाळांकडे उरली आहेत. त्यांच्यात पायलटच्या समोर जी घड्याळं असतात, उंचीचं, वेगाचं, दिशेचं, त्यांना उजेड द्यायला बारीक बल्ब असतात. तो उजेड कमीजास्त करायला एक बटण, आणि बटणामागे एक डबा. त्याला डिमर म्हणतात. दादा तो दुरुस्त करतो, आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेला असेल तर दुसरा देतो. मी बाकीचं सगळं करते: माल मागवणं, नोंदणं, आकडे तपासणं, पाठवणं, आणि कोणाला फोन करायचा राहिलाय ते लक्षात ठेवणं.

पंख्याच्या रेग्युलेटरसारखंच काहीतरी, असं लोकांना वाटतं. फरक एवढाच की रात्री पायलटला आतही बघायचं असतं आणि बाहेरही. आतला उजेड जास्त झाला तर बाहेरचा काळोख आणखी काळा होतो, आणि समोरची काच आरशासारखी वागायला लागते. धावपट्टीचे दिवे शोधायचे तर आपलीच घड्याळं त्या काचेत लटकलेली दिसतात. म्हणून बटण पूर्ण खाली फिरवल्यावर उजेड खरोखरच कमी व्हायला हवा; आकडे जेमतेम वाचता येतील इतकाच उरायला हवा. या सगळ्यात कमी उजेडाला दादा ‘तळ’ म्हणतो.

तळ लावायचा स्क्रू डब्याच्या आत असतो. त्यासाठी बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात व्होल्टेजचा आकडा दिलेला आहे, पण तो एक आकडा नाही. इतक्यापासून इतक्यापर्यंत, असा आहे. मधली जागा बरीच मोठी. जुने बल्ब सगळे सारखे नसतात, म्हणून शेवटचं डोळ्यांनी ठरवावं लागतं. ठरलं की स्क्रूवर लाल रंगाचा एक ठिपका लावायचा. मग विमान कितीही थरथरो, स्क्रू हलत नाही.

हे डोळ्यांनी ठरवण्यासाठी आमच्याकडे एक कपाट आहे. माळ्यावर जायच्या जिन्याखाली दादाने प्लायवूड ठोकून बनवलेलं, आतून काळं रंगवलेलं. समोर एका भंगारात निघालेल्या विमानाचा पुढचा पत्रा, घड्याळांसकट. बसायला एक स्टूल आणि एक रंगाचा रिकामा डबा. आत जाऊन दार लावायचं आणि काही न करता दहा मिनिटं नुसतं बसायचं, डोळ्यांना काळोखाची सवय होईपर्यंत. आमची आई लोणचं घातलं की बरणीला हात लावू द्यायची नाही. ‘मुरू दे,’ म्हणायची. त्यावरून दादाने या बसण्याला नाव ठेवलं, डोळे मुरवणे.

पद्धत अशी होती की दोघांनी बसायचं. एकाने बटण खाली फिरवायचं आणि दुसऱ्याने आकडे वाचत राहायचं. आकडे दिसेनासे झाले की ‘गेले’ म्हणायचं. मग तिथून किंचित वर येऊन तळ लावायचा. वाचायचं काम माझं. त्या दहा मिनिटांत आम्ही भावंडं जेवढं बोललो असू तेवढं आयुष्यात एरवी कधी बोललो नाही. माझं लग्न मोडल्याचं मी त्याला तिथे सांगितलं. आईला आता घरी आणू या, इस्पितळात ठेवून उपयोग नाही, हे आम्ही तिथेच ठरवलं. तोंड दिसत नाही म्हटल्यावर माणूस सरळ बोलतो.

मग कोविड आला. बंद कपाटात दोघांनी बसायचं म्हणजे वेडेपणा. दादा एकटा बसायला लागला. तोच फिरवायचा, तोच वाचायचा. मी बाहेर आकडे बघून कागद भरायचे. कोविड गेला, मास्क गेले, पण मी पुन्हा कपाटात गेले नाही. कोणी ठरवलं नव्हतं. काम दोघांऐवजी एकात होतंय तर होऊ दे, एवढंच.

डबा घेऊन आला तो त्या उड्डाणशाळेचा इंजिनिअर. तिशीचा, कल्याणचा मुलगा. आठवडाभर तिकडे शाळेच्या विमानतळावर आणि शनिवारी घरी. वाटेत आमच्याकडे उतरला.

“ताई, हा मालवतच नाही,” त्याने डबा टेबलावर ठेवला.

“मालवायचा नसतोच तो. कमी करायचा असतो,” दादा बेंचवरून म्हणाला.

“काका, तेच सांगतोय. कमीच होत नाही.”

दादाने डबा जोडला. बटण वरून खाली, खालून वर. मीटर समोर धरला. “हे वाच. पुस्तकात बसतंय?”

“बसतंय. आकड्याबद्दल मी बोलतच नाहीये. काल काळोख पडल्यावर मी स्वतः बसलेलो विमानात, बाहेर मैदानात. बटण पूर्ण खाली. समोरच्या काचेत सगळी घड्याळं हजर. पोरं उतरणार कशी?”

“तुमची पोरं मोबाईल बघत विमानात चढतात. आधी डोळे मुरवायला सांग त्यांना.”

“मी मोबाईल गाडीत ठेवून बसलेलो, काका.”

“मग बल्ब बदललेत तुम्ही. एलईडी घातले असणार स्वस्तातले.”

“जुनेच आहेत. शेंगदाण्याएवढे. तुम्हीच दिलेले.” तो माझ्याकडे वळला. “ताई, अजून दोन विमानांत तुमचे डबे आहेत, याच वर्षी दुरुस्त केलेले. तिथेही मला तसंच वाटतंय. दिवाळीनंतर रात्रीचं उड्डाण सुरू होईल. तोवर बघा ना जरा.”

तो गेल्यावर दादा म्हणाला, “कल्याणचा आहे. तक्रार केल्याशिवाय जेवण पचत नाही त्यांना.”

मी हसले. डोंबिवलीत राहणाऱ्याला कल्याणबद्दल असं काहीतरी बोलावंच लागतं.

सोमवारी दादाने तो डबा पूर्ण खोलला. पॉवर ट्रान्झिस्टर नवा घातला, त्याच्याखालचा अभ्रकाचा पातळ तुकडा नवा, बटण फिरवल्यावर वीज कमीजास्त करणारा मागचा पॉटही नवा. जुना पॉट काढून, चष्मा कपाळावर सरकवून त्याने तो भिंगाखाली धरला. आतली पट्टी ठणठणीत होती. ट्रान्झिस्टरही ठणठणीत. चांगले भाग काढून चांगले भाग बसवणं दादाच्या स्वभावात नाही, पण त्या दिवशी त्याने ते केलं. मग तळ लावायला उठला. मीही उठले.

“तू कुठे?”

“तक्रारीचा डबा आहे. दोघं बसू.”

“कागद कोण भरणार?”

“कागद पळून जात नाहीत.”

आत गेलो. दार लावलं. मी रंगाच्या डब्यावर, तो स्टुलावर. तोच जुना प्लायवूडचा आणि सोल्डरिंगचा वास. दादा वहिनीबद्दल बोलला, मग ठाकुर्लीला त्याच्या इमारतीत लिफ्टचं काम अडलंय त्याबद्दल बोलला. बरं वाटत होतं. मग म्हणाला, “चल. फिरवतोय.”

घड्याळं उजळली, मग पिवळी झाली, मग लालसर. जुन्या बल्बचं असंच असतं, कमी होता होता निखाऱ्यासारखा होतो.

“गेले,” दादा म्हणाला.

मला वाटलं, तो गंमत करतोय. माझ्यासमोर उंचीच्या घड्याळावरचा प्रत्येक आकडा स्वच्छ होता. आकड्यांखालची बारीक इंग्रजी अक्षरंही.

“दादा, अजून कमी कर.”

“गेले ना पण.”

“कर तर खरं.”

त्याने केलं. “आता?”

“दिसतंय.”

“आता?”

“दिसतंय, दादा.”

घड्याळांच्या त्या उरलेल्या उजेडात मला त्याचं तोंड दिसत होतं. तो घड्याळाकडे बघत नव्हता. थोडा बाजूला बघत होता, आवाज कुठून येतोय ते शोधणाऱ्या माणसासारखा.

“थट्टा करतेयस?”

“नाही रे.”

“तुझे डोळे जास्त मुरले आज,” तो म्हणाला, आणि दार ढकललं.

बाहेर आमचे गाळामालक उभे होते. इथल्याच मूळच्या आगरी घरातले. आता जिथे रंगाचा कारखाना आहे तिथे त्यांच्या आजोबांची भाताची खाचरं होती. आम्हाला दोघांना कपाटातून निघताना बघून त्यांनी हात जोडले. “भाव-भैन अजून कपाटान बसताव का? मना वाटला, मोठी झाली पोरां.” दादा मोठ्याने हसला. गरजेपेक्षा मोठ्याने. मग बेंचवर जाऊन त्याने तळ लावला, त्याला दिसला तिथे, आणि वर लाल ठिपका दिला.

तो डबा मी पाठवायच्या फळीवर ठेवला नाही.

दादा दुपारी जेवायला गेला तेव्हा मी एकटी कपाटात बसले. फळीवरचे तयार डबे एकेक करून जोडले. कोविडच्या आधीचा एक पडून होता, त्याचा तळ बरोबर लागलेला होता. त्यानंतरच्या प्रत्येकाचा वर, आणि जितका नवा डबा तितका वर. एकही पुस्तकाच्या बाहेर नाही. सगळे आत, फक्त वरच्या टोकाला चिकटलेले. हे कुठल्याही कागदावर दिसलं नसतं, कारण कागदावर प्रश्न एवढाच होता: बसतंय की नाही. मी दर वेळी ‘बसतंय’ लिहिलं होतं.

मग बाकीच्या गोष्टी आपोआप एका ओळीत येऊन उभ्या राहिल्या. दादा पूर्वी संध्याकाळी चालत घरी जायचा. आता दिवस लहान झाले की रिक्षा करतो, गुडघ्याचं नाव सांगतो. दारात ठेवलेल्या कुरिअरच्या खोक्याला दोनदा अडखळला आणि दोन्ही वेळा कुरिअरवाल्याला ओरडला. कोणी बाजूने येऊन बोललं की दचकतो. बेंचवर त्याने एकाच्या जागी तीन दिवे लावलेत, आणि मी त्यासाठी मोठी केबल स्वतः मागवून दिली होती. या प्रत्येकाचं काहीतरी कारण त्याने सांगितलं होतं आणि मला ते पटलंही होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी बोलले. मला गोल गोल फिरून बोलता येत नाही.

“दादा, डोळे दाखवून ये.”

“डोळ्यांचा दाखला फाईलमध्ये आहे. तूच लावलायस.”

“तो दिवसाचा. ट्यूबलाईटखाली फळा वाचलास तू.”

“मग काय घुबडासारखा रात्री वाचू?”

“तुला तळ दिसत नाही.”

त्याने कप खाली ठेवला. मी पुढचंही बोलून टाकलं. “ते दोन डबे परत मागवायला हवेत. रात्रीचं उड्डाण सुरू व्हायच्या आधी.”

“कारण काय लिहिणार? पुस्तकात बसतायत. तूच तपासलेत. तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला रकाना असतो ना, मग लिही ना कारण.”

त्याला रकाना नव्हता. आमच्या फॉर्मवर दोष लिहायला जागा आहे, पण ती डब्याच्या दोषाला.

“अगं, मी सही करायची नाही तर इथे करायचं काय?” आता तो हळू बोलत होता. “चहा आणायचा? हा गाळा माझ्या सहीवर चालतो. ती गेली तर तू कागद तरी कसले भरणार?”

हे खरं होतं. विमान खात्याची परवानगी गाळ्याच्या नावावर असली तरी ती दादाच्या सहीवर उभी आहे. माझं शिक्षण कॉमर्सचं. स्क्रू कुठला फिरवायचा ते मला वर्षानुवर्षं बघून कळतं, पण कळणं वेगळं आणि सही करायचा अधिकार वेगळा. मला हेही माहीत होतं की हे काम म्हणजे दादासाठी फक्त पोटापाण्याचं साधन नव्हतं. कॉलेज सुटल्यापासून तो याच बेंचवर बसलाय. ओळखीपाळखीत कोणाचा टीव्ही बिघडो, मिक्सर बिघडो, सगळे त्याच्याकडे बघतात. त्याच्या हातावर लोकांचा विश्वास आहे आणि त्याचाही आहे. तो काढून घ्यायचं काम माझ्या वाट्याला आलं होतं.

“दिवाळीआधीच्या शनिवारपर्यंत तू त्याला फोन कर,” मी म्हटलं. “नाही केलास तर मी करणार. तुला न सांगता करणार नाही, म्हणून आत्ताच सांगतेय.”

“ठीक आहे, मॅडम.”

त्यानंतर तो मला मॅडमच म्हणायला लागला. “मॅडम, अभ्रक संपलाय.” “मॅडम, तुमचा फोन.” गाळ्यात आम्ही दोघंच, तरी तो सरकारी कचेरीत असल्यासारखा बोलायचा. कपाटात मी जाऊ नये म्हणून त्याने त्यात जुनी खोकी रचून ठेवली. मी ती काढली नाहीत. घरी गेल्यावर मात्र मला चैन पडायचं नाही. कुठल्यातरी आईवडिलांचं पोर धावपट्टी शोधत खाली येतंय आणि समोरच्या काचेत उंचीचं घड्याळ, एवढं चित्र डोळ्यांसमोरून हलायचं नाही. शिकणारी पोरं एकटीही उडतात. मग वाटायचं, इंजिनिअरला आत्ताच सांगून टाकावं. फोन हातात घ्यायचे आणि शनिवार म्हटलंय ना, म्हणून ठेवून द्यायचे. दिलेला शब्द पाळणं हे तेव्हा कर्तव्यापेक्षा पळवाटेसारखं वाटत होतं.

वहिनीचा फोन आला तो त्याच आठवड्यात.

“वन्सं, गाळ्यात काय झालंय? घरी तोंड फुगवून बसलेत.”

मी सांगितलं. तिला काहीच आश्चर्य वाटलं नाही.

“मला कधीचं माहितेय. भरदिवसा बाथरूमचा दिवा लावतात आणि वर मलाच विचारतात, बिल का वाढलं. जिना उतरताना पायाने चाचपतात. मी बोलले की भांडण. म्हटलं, तुम्ही बोललात तर तो गाळ्याचा विषय होईल, मग ऐकतील.”

“तसं झालं नाही, वहिनी.”

“मग आता माझ्यावर सोडा.”

तिने ठाण्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ घेतली, स्वतःच्या चष्म्यासाठी म्हणून. दादा सोबत म्हणून गेला. तिथे पोचल्यावर तिने स्वतःचं नाव लिहायच्या जागी त्याचं लिहिलं. मीही गेले होते, कारण वहिनीने सांगितलं होतं, “पळून जायला लागले तर दोघी हव्यात.”

दादा पळाला नाही. चिडलाही नाही. खुर्चीत बसून म्हणाला, “मोतीबिंदू असणार. आहे तर आहे. काढून टाकू आणि पुढच्या आठवड्यात बेंचवर.” मला जाणवलं की हे त्याने आधीच ठरवलेलं होतं. इतके दिवस तो मोतीबिंदूच्या आशेवर होता.

फळ्यावरची अक्षरं त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि माझ्याकडे विजयी नजरेने बघितलं. मग त्याला आतल्या काळोख्या खोलीत नेलं. तिथे एक यंत्र असतं, मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं. त्यात हनुवटी टेकवून मधे बघत राहायचं. बाजूला कुठेतरी बारीक दिवे लागतात, काही ठळक, काही अगदी मंद. दिसला दिवा की हातातलं बटण दाबायचं. दार अर्धवट उघडं होतं. दादा नीट पाठ सरळ करून बसला होता, कपाटात बसतो तसाच. बटणाचा आवाज यायचा. मग बराच वेळ यायचा नाही. मग एकदम यायचा.

बाहेर येऊन तो यंत्रावरच्या मुलीला म्हणाला, “तुमचं मशीन दाखवून घ्या. मधे मधे दिवे लागतच नव्हते. डिमर गेलाय त्याचा.”

ती मुलगी चांगली होती. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “काका, दिवे लागत होते.”

दादा माझ्याशेजारी येऊन बसला. मंद दिवा दिसतो की नाही हे ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्या मुलीने जे सांगितलं त्याचा अर्थ त्या दवाखान्यात त्याच्याइतका कोणालाच कळला नसेल.

काचबिंदू निघाला. डॉक्टरबाईंनी समजावलं: यात समोरचं दिसत राहतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, कडा जातात, मंद उजेडातलं जातं. गेलेलं परत येत नाही. रोज थेंब घातले तर उरलेलं टिकवता येईल. मग विचारलं, “घरात कोणाला होता?”

“नाही,” दादा म्हणाला.

“बाबांना,” मी म्हटलं. ते माझ्या तोंडून आलं तेव्हाच मलाही कळलं. बाबा शेवटची कित्येक वर्षं दिवेलागणीनंतर घराबाहेर पडत नसत. भजनाला जायचे ते बंद केलं. आम्ही म्हणायचो, म्हातारपण. कोणी तपासलं नाही, त्यामुळे नक्की काय होतं ते आता कळणार नाही.

“मग तुम्हीही तपासून घ्या,” डॉक्टरबाई मला म्हणाल्या. “भावंडांनी घ्यायलाच हवं.”

मी मान डोलावली, आणि घरी येऊन यादीत लिहिलं.

शनिवारी सकाळी मी गाळ्यात पोचले तेव्हा दादा आधीच आलेला होता. कपाटातली खोकी बाहेर काढलेली होती. बेंचवरचे तीनही दिवे बंद. तो फोन समोर ठेवून बसला होता. मी आले तसा त्याने लावला, स्पीकरवर.

“अरे, ते दोन डबे काढ आणि पाठव. आजच. तोवर ती विमानं रात्री उडवू नकोस.”

“काका, काय सापडलं? ट्रान्झिस्टर?”

“डब्यात काही नाही. डबे पुस्तकात बसतात. माझे डोळे बसत नाहीत.”

तो मुलगा म्हणाला, “काका…” आणि थांबला. “काका, हे मला लिहावं लागेल.”

“लिही. आमच्या फॉर्मवर जागा नाही. तुझ्याकडे असेल तर लिही.”

“आणि सही? इथून पुढे?”

“ते मॅडम सांगतील,” दादा म्हणाला, आणि मग फोन झाकून माझ्याकडे न बघता, “सांग गं.”

सांगण्यासारखं थोडंच होतं. कल्याणचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, अधिकार असलेले. ते अधूनमधून येऊन तपासून सही करतील, तसं पत्र आम्ही दवाखान्यातून आल्यावर विमान खात्याकडे पाठवलं आहे, आणि मंजूर होईपर्यंत गाळ्यातून काहीही बाहेर जाणार नाही. नवीन काम घेणं बंद. कोविडनंतरचे डबे आणखी ज्यांच्याकडे गेलेत त्यांनाही आजच कळवणार. इंजिनिअर ‘बरं ताई’ म्हणाला. त्याच्या बोलण्यात चीड नव्हती, पण त्यांच्या शाळेचं पुढचं काम आपल्याकडे येईल की नाही हे त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

डबे आले. मंजुरी यायची होती, पण तळ लावून ठेवायला हरकत नव्हती. खोलणं, साफ करणं, जोडणं दादाने भरउजेडात केलं. त्याचे हात अजून तसेच आहेत. मग आम्ही कपाटात गेलो. या वेळी स्टुलावर मी, रंगाच्या डब्यावर तो.

डोळे मुरवत बसलो.

“थेंब चुरचुरतात,” तो म्हणाला.

“घालतोस ना पण?”

“तुझी वहिनी घालते. मान धरून.” थोड्या वेळाने, “मला इथे किती काळोख दिसतो माहितेय? दार लावायच्या आधीसुद्धा.”

मी बटण हातात घेतलं आणि खाली फिरवायला लागले. पिवळं, मग लालसर, मग निखारा. सवयीने मी आकडे मोठ्याने वाचत होते. तो ऐकत होता.

“तू गेलीस का डॉक्टरकडे?”

“यादीत आहे.”

“तुझ्या यादीत काय, मीही होतो.”

मी फिरवत राहिले. आकडे बारीक होत गेले. एका जागी मी थांबले. उंचीच्या घड्याळाचा काटा मला दिसत होता. की तो तिथे असतो हे इतक्या वर्षांत पाठ झालंय म्हणून दिसल्यासारखा वाटत होता? मी डोळे मिटले, उघडले. दिसत होता. बहुतेक. त्या दिवशी दादाने ‘गेले’ म्हटलं तेव्हा त्याला माझ्याइतकीच खात्री असणार.

“लागला का तळ?” दादाने विचारलं.

“लावलाय.”

“मग ठिपका दे.”

लाल रंगाची बाटली माझ्या हाताशी होती. मी दार उघडलं. बाहेरचा उजेड आत आला आणि दोघांनीही डोळे बारीक केले.

“ठिपका नंतर,” मी म्हटलं. “आधी ठाण्याला जाऊन येते.”

दादाने मान हलवली. त्याने दोन्ही डबे उचलले, चाचपत फळीवर ठेवले, ठिपक्याशिवाय, आणि कोणी चुकून पाठवू नये म्हणून त्यांच्यापुढे आपला चष्मा काढून ठेवला.